जन्मवजनाचे १२० रकाने रिकामे, सरासरी टाकून भरू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कम्युनिटी मेडिसिनच्या एमडीचा थीसिस, एका तालुक्यात दोन वर्षांखालच्या ६०० मुलांचा घरोघरी जाऊन सर्व्हे, त्यात जन्मवजन मिळालं ४८० मुलांचं आणि १२० रिकामे. मिळालेल्यांपैकी ९६ मुलं अडीच किलोच्या आतली. शिवाय उत्पन्न बऱ्याच घरांनी सांगितलेलं नाही आणि काही मुलांचं हिमोग्लोबिन झालं नाही. गाइड म्हणतात सरासरी टाका आणि पुढे चला, सीनियर म्हणतो त्या ओळीच डिलीट कर, सबमिशन तीन महिन्यांवर आलंय, कोणाचं ऐकू?

आत्ता तरी दोघांचंही नको. मी गेली १८ वर्षं आरोग्य सर्व्हेंच्या फाइली साफ करतेय आणि हा प्रश्न मला दर थीसिस सीझनला येतो, आणि दर वेळी तो "कशाने भरू" असाच येतो. खरा प्रश्न "रिकामं का राहिलं" हा आहे. ते कळल्याशिवाय भरायची पद्धत निवडणं म्हणजे पेशंट न बघता औषध लिहून देणं, आणि तुम्ही डॉक्टर आहात, ते तुम्ही करणार नाही.

आधी गाइडचा सल्ला तुमच्याच आकड्यांवर करून बघू. समजा ४८० मुलांची सरासरी २,७५० ग्रॅम आहे. ती १२० रिकाम्या जागी टाकली की काय झालं? १२० च्या १२० मुलं एका झटक्यात अडीच किलोच्या वर गेली, म्हणजे सगळी "नॉर्मल". कमी वजनाचं प्रमाण आधी ४८० मध्ये ९६ म्हणजे २० टक्के होतं, ते आता ६०० मध्ये ९६, म्हणजे १६ टक्के. चार टक्के कुपोषण आपण एसी खोलीत बसून बरं केलं! बरं, तेवढ्यावर भागत नाही. पाचातला एक आकडा अगदी मधोमध बसवल्यामुळे आकड्यांचा पसारा आक्रसतो, स्टँडर्ड डेव्हिएशन ४०० असेल तर ३५८ च्या आसपास येतं, आणि सॅम्पल मात्र ६०० दिसतं, त्यामुळे कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं उत्तर ज्या पट्ट्यात असावं असं आपण म्हणतो तो पट्टा, खोटाच अरुंद होतो. म्हणजे आकडा चुकीचा आणि वर त्याच्याबद्दल खात्री जास्त.

सीनियरचा सल्ला इतका वाईट नाही, पण त्यातही मेख आहे. एकच कॉलम असेल तर ओळी काढणं कधीकधी चालतं (त्याबद्दल पुढे लिहिते), पण रिग्रेशनमध्ये, म्हणजे कशाचा कशाशी संबंध आहे ते एकत्र तपासताना, तुम्ही आठ व्हेरिएबल घालणार, प्रत्येकात फक्त ५ टक्के रिकामे आणि ते वेगवेगळ्या घरांत विखुरलेले असले तरी पूर्ण भरलेल्या ओळी उरतात ६६ टक्के. ६०० मधल्या ४०० सुद्धा नाही. आणि सॉफ्टवेअर हे गुपचूप करतं, टेबलाखाली बारीक अक्षरात एन (किती ओळी वापरल्या तो आकडा) दिसतो तो कोणी बघत नाही, व्हायव्हाला बाहेरून आलेला परीक्षक मात्र नेमका तोच बघतो.

आता रिकाम्या जागेबद्दल. फाइलमध्ये सगळ्या रिकाम्या जागा सारख्या दिसतात, पण त्यांचा अर्थ एक नसतो. विचारलंच नाही, विचारलं पण माहीत नाही म्हणाले, माहीत होतं पण सांगितलं नाही, मूल घरी नव्हतं, वजन मुळात झालंच नव्हतं, आणि एन्ट्री करणाऱ्याकडून राहिलं, हे सगळे वेगवेगळे प्रकार आहेत. एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, अशासारख्या मोठ्या सर्व्हेत म्हणूनच वेगवेगळे कोड असतात, जन्मवजनात ९९९६ म्हणजे वजन केलं नव्हतं आणि ९९९८ म्हणजे माहीत नाही. हे कोड न काढता सरासरी काढली तर काय होतं तेही बघा, ४८० मुलं २,७५० ग्रॅमची आणि १२० मुलं ९,९९८ ग्रॅमची, सरासरी येते ४ किलो २०० ग्रॅम. हसू नका, असा टेबल घेऊन माझ्यासमोर लोक बसलेले आहेत. हिमोग्लोबिनच्या कॉलममध्ये तर ९९.९ सारखा कोड असला की कळतही नाही, सरासरी जराशी वर सरकते आणि तालुक्यातला अ‍ॅनिमिया कमी होतो.

उलट प्रकारही बघितलाय. एका मुलीने एनएफएचएस-५ ची, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राउंडची फाइल आणली आणि घाबरून म्हणाली मॅडम, कौटुंबिक हिंसाचाराचे प्रश्न ८५ टक्क्यांपेक्षा जास्त बायकांचे रिकामे आहेत, कसं इम्प्यूट करू, म्हणजे अंदाजाने कसं भरू? काहीच करायचं नाही. ते प्रश्न मुळात १५ टक्के घरांमध्येच होते, त्यातही घरातल्या एकाच बाईला, आणि तेही एकांत मिळाला तरच. ते रिकामेपण डिझाइनमधलंच आहे, त्यासाठी फाइलमध्ये वेगळं वेट (एकीचं उत्तर किती जणींच्या वतीने मोजायचं तो आकडा) दिलेलं आहे ते वापरायचं. आणि "माहीत नाही" हे कित्येकदा उत्तरच असतं. लसीकरणाचं कार्ड नाही आणि आईलाही आठवत नाही, तर अशा सर्व्हेंमध्ये रिवाजाने ती लस मिळाली नाही असंच धरतात. ते बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण मुद्दा असा की हा नियम आहे आणि तो आधीच लिहून ठेवलेला असतो.

तर आता तुमचे १२०. इथे मला तुमच्या डेटाची खरी अवस्था माहीत नाही, त्यामुळे माझ्या अनुभवातून सांगते की जन्मवजन का गायब होतं.

काही घरांत कार्ड हरवलेलं असतं. पावसात भिजलं, उंदराने खाल्लं, घर बदलताना गेलं. हे बऱ्यापैकी योगायोगाचं. दुसरा मोठा गट असतो माहेरचा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे माता बाल संरक्षण कार्ड माहेरी राहतं, तुम्ही जाता सासरी, सासू म्हणते "ते तिकडंच हाय". आता विचार करा, हे रिकामेपण कोणाचं? बहुतेक पहिल्या मुलांचं. आणि पहिलटकरणीची बाळं सरासरीने थोडी हलकी असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे ओळी काढून टाकल्या तर तुमच्या सॅम्पलमधून पहिली मुलं जास्त गळतात आणि कमी वजनाचं प्रमाण खाली येतं. पण चांगली गोष्ट ही की मुलाचा नंबर कितवा हे तुमच्या फाइलमध्ये आहे, त्यामुळे हा तिरपेपणा दुरुस्त करता येतो.

तिसरा गट घरी किंवा वाटेत, १०८ मध्ये वगैरे जन्मलेल्यांचा, वजन झालंच नाही किंवा चार दिवसांनी झालं. आणि चौथा गट सगळ्यात त्रासदायक. मूल फारच लहान जन्मलं, जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात ठेवलं, कागद तिथल्या फाइलीत राहिले. इथे वजन गायब व्हायचं कारण ते वजनच आहे. डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये जे तीन प्रकार मांडले ते हेच, निव्वळ योगायोगाने गेलेलं, दुसऱ्या कॉलमांवरून समजावता येणारं, आणि स्वतःच्या किमतीमुळेच गेलेलं. पुस्तकात त्यांची इंग्रजी नावं इतकी गोंधळाची आहेत की मी विद्यार्थ्यांना उंदीर, माहेर आणि एसएनसीयू एवढंच लक्षात ठेवायला सांगते. अडचण अशी की यातलं माहेर कुठलं आणि एसएनसीयू कुठलं हे नुसता डेटा बघून सिद्ध करता येत नाही, कुठलीच टेस्ट ते सांगत नाही. उंदीर नाही एवढं टेस्टवरून कळू शकतं, पुढचं फील्डवर गेलेल्या माणसाला विचारावं लागतं.

म्हणून पहिलं काम, कॉम्प्युटर बंद करा आणि १२० नावांची यादी घेऊन आशाताईंकडे जा. त्यांची वही, उपकेंद्रातलं आरसीएच (माता-बाल आरोग्याचं) रजिस्टर, अंगणवाडीतली नोंद, प्रसूती जिथे झाली तिथलं डिलिव्हरी रजिस्टर. कार्ड हरवलेल्यांपैकी आणि माहेरवाल्यांपैकी बरेच आकडे तिथे सापडतात, माहेरच्या गावच्या आशाचा फोन नंबर इथल्या आशाकडे असतो बहुतेक वेळा. दोन दिवस बाइकवर फिरून जे मिळतं ते जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही. फक्त एक, एथिक्स कमिटीच्या मंजुरीत आणि संमतीपत्रात रेकॉर्ड बघण्याचा उल्लेख आहे का ते आधी तपासा, नसेल तर अमेंडमेंट टाका. आणि असे नंतर मिळवलेले आकडे वेगळ्या कॉलममध्ये "रजिस्टरवरून" अशी खूण करून ठेवा, कार्डावरच्या आकड्यांत मिसळू नका.

एक जागा दाखवते. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे एका पाड्यावर मी सुपरव्हिजनला गेले होते. आईने वाशाला अडकवलेली कॅरीबॅग काढली, आत रेशनकार्ड, आधार आणि ते कार्ड, चार घड्या पडलेलं, वजनाचा रकाना नेमका घडीवर आला होता आणि शाई पुसली होती. आमच्या मुलाने फॉर्मवर लिहिलं २.५. मी विचारलं अडीच कुठून आलं? तर म्हणतो, "मॅडम, त्या म्हणाल्या बाळ चांगलं होतं." रिकामा रकाना दिसला की सुपरवायझर ओरडतो म्हणून त्याने तो भरला होता, आणि संध्याकाळी त्याचे मागचे फॉर्म काढले तर अडीच, अडीच, तीन, अडीच. हे रिकाम्या जागेपेक्षा वाईट, कारण रिकामी जागा निदान आपण रिकामी आहे असं सांगते. तेव्हापासून मी ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगते की रिकामा फॉर्म आणला तर चहा मिळेल, आणि रिकामा का राहिला याचं कारण लिहून आणलं तर दोन चहा. तुमच्या ४८० चा हिस्टोग्राम काढा. बरोबर २,५०० आणि ३,००० वर दोन खांब उभे राहिले तर (राहणारच, थोडेफार सगळीकडे राहतात) ते इन्व्हेस्टिगेटरवार काढून बघा. एकाच माणसाचे फॉर्म तिथे जमा झाले असतील तर तुमचा मिसिंग डेटा १२० पेक्षा जास्त आहे.

आता समजा फिरून आल्यावर १२० चे ६० उरले. इथे मल्टिपल इम्प्युटेशन. सोप्या भाषेत, एक सरासरी टाकण्याऐवजी त्या मुलाबद्दल जे माहीत आहे त्यावरून अंदाज बांधायचा, पण एकच नाही, २० वेगवेगळे, प्रत्येकात थोडा नशिबाचा भाग ठेवून. मग २० फाइली तयार होतात, प्रत्येकीवर तेच अ‍ॅनालिसिस करायचं, २० उत्तरांची सरासरी हे तुमचं उत्तर आणि ती २० उत्तरं एकमेकांपासून किती लांब पडली ती अनिश्चितता तुमच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये मिळवायची. म्हणजे आपल्याला माहीत नाही हे आपण लपवत नाही, त्याची किंमत मोजतो. किती फाइली करायच्या याचा ढोबळ नियम, जितके टक्के ओळी अपूर्ण तितक्या निदान.

मॉडेलमध्ये काय घालायचं यावर सगळं अवलंबून आहे. मुलाचा नंबर, प्रसूतीची जागा, आईचं वय आणि उंची, किती महिन्यांचं बाळंतपण, जुळं आहे का, गाव. जन्माच्या वेळी बाळ केवढं वाटलं, मोठं, मध्यम, लहान, अगदी लहान, हा प्रश्न विचारला असेल तर सोनं आहे, एनएफएचएसमध्ये तो विचारतात, आणि कार्ड नसलेली आईसुद्धा त्याचं उत्तर देते. एसएनसीयूचा प्रश्न या एका कॉलममुळे बराच माहेरच्या प्रश्नासारखा होतो, म्हणजे पूर्ण सुटत नाही पण हाताशी येतो. आणि हमखास होणारी चूक म्हणजे, पुढे रिग्रेशनमध्ये जो आउटकम, म्हणजे ज्याची कारणं शोधायची ती गोष्ट, घेणार आहात, समजा आत्ताचं खुजेपण, तो इम्प्युटेशनमध्ये घालायचाच. लोकांना ती लबाडी वाटते, गाइडनाही वाटेल, पण तो वगळला तर भरलेल्या आकड्यांचा आउटकमशी संबंधच उरत नाही आणि तुमची असोसिएशन शून्याकडे ढकलली जाते.

आणखी एक बारीक गोष्ट, ही मी स्वतः चुकून शिकलेय. वजन ग्रॅममध्येच इम्प्यूट करा, कमी-जास्त अशा दोन खान्यांत नको, पण नॉर्मल कर्व्हवरून आकडे काढू नका. खऱ्या फाइलमध्ये अडीच किलोवर खांब आहे आणि ती मुलं व्याख्येनुसार कमी वजनाची नाहीत, कारण व्याख्या २,५०० च्या आत अशी आहे. कर्व्हवरून काढलेला आकडा मात्र २,४६० येतो, २,४८५ येतो आणि ते मूल कमी वजनात जातं. मग भरलेल्या मुलांमध्ये प्रमाण जास्त दिसतं आणि तुम्ही त्यावर पानभर चर्चा लिहिता, जेव्हा फरक फक्त गोल आकड्यांचा असतो. प्रेडिक्टिव्ह मीन मॅचिंग वापरा, ते साधारण तशाच दुसऱ्या मुलाचा प्रत्यक्ष नोंदवलेला आकडा उसना घेतं, खांबासकट.

ओळी काढणं कधी चालतं तेही सांगते म्हटलं होतं. रिग्रेशनमध्ये रिकामेपण जर आउटकमवर अवलंबून नसेल, फक्त मॉडेलमध्ये घातलेल्या बाकीच्या गोष्टींवर असेल, तर पूर्ण ओळींवरचं रिग्रेशन बऱ्यापैकी बरोबर येतं, नुसती ताकद कमी होते. पण टक्केवारी सांगायची असेल, म्हणजे तालुक्यात कमी वजनाची मुलं किती, तिथे हा युक्तिवाद लागू पडत नाही. थीसिसमध्ये दोन्ही गोष्टी असतात म्हणून गोंधळ होतो.

उत्पन्नाचं मात्र मी इतकं मनावर घेणार नाही. बी. जी. प्रसाद वर्गीकरण (उत्पन्नावरून कुटुंबाचा आर्थिक-सामाजिक वर्ग ठरवायची पद्धत) लागतं म्हणून सगळे विचारतात, आणि शेतात वर्षातून दोनदा पैसा येणाऱ्या माणसाला महिन्याचं उत्पन्न विचारलं की तो एकतर गप्प बसतो नाहीतर रेशनकार्ड वाचेल असा आकडा सांगतो. एनएफएचएस उत्पन्न विचारतच नाही, घरातल्या वस्तू, पाणी, संडास, भिंती यावरून संपत्तीचा निर्देशांक काढतं. तुमच्याकडे रेशनकार्डाचा रंग आणि वस्तूंची यादी असेल तर तेच वापरा. हिमोग्लोबिनचं, टोचायला नकार बहुतेक अख्ख्या घराचाच असतो, त्यामुळे नकार आणि मूल आजारी होतं हे वेगळे मोजा, बाकी वरचंच सगळं लागू.

घरच बंद होतं ती गोष्ट निराळी. तिथे एक कॉलम रिकामा नाही, अख्खी ओळच नाही, आणि त्याला इम्प्युटेशन नाही तर वेट लागतं, म्हणजे त्या गावातल्या भेटलेल्या घरांनी न भेटलेल्यांचं थोडं ओझं उचलायचं. पण तुमचा तालुका बीडकडचा असेल आणि सर्व्हे दिवाळीनंतर केला असेल तर वेटही पुरणार नाही, कारण ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या तान्ही मुलं बरोबर नेतात आणि मागे राहिलेली घरं त्यांच्यासारखी नसतात. पावसाळ्यात जाऊन त्या कुलूपबंद घरांतली काही जरी परत गाठता आली तर गाठा. आणि जी मुलं जगलीच नाहीत ती तर कुठल्याच यादीत नाहीत, त्यांत कमी वजनाची जास्त असणार. हे भरून निघत नाही, लिमिटेशनमध्ये एका ओळीत सरळ लिहायचं.

शेवटी गाइडना कसं पटवायचं, कारण तेही काम आहेच. वाद घालू नका, दोन टोकं काढून दाखवा. सगळे १२० नॉर्मल धरले तर १६ टक्के, सगळे १२० कमी वजनाचे धरले तर २१६ भागिले ६००, म्हणजे ३६ टक्के. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. आणि १६ म्हणजे सरासरी टाकून आलेलाच आकडा, तर सर, आपण शक्य असलेल्यातलं सगळ्यात गोड टोक निवडतोय. बहुतेक सर इथे थांबतात. मग इम्प्युटेशनचा आकडा दाखवा, आणि त्याच्याच शेजारी, घरी जन्मलेल्या आणि एसएनसीयूवाल्या मुलांचं वजन मॉडेलच्या अंदाजापेक्षा १०० ग्रॅम, २०० ग्रॅम कमी धरलं तर आकडा किती हलतो तेही. निष्कर्ष हलला नाही तर छान, हलला तर तसं लिहा, त्याने थीसिस नापास होत नाही.

एसपीएसएसमध्ये हे करायला मिसिंग व्हॅल्यूजचं वेगळं मॉड्यूल लागतं, कॉलेजच्या लायसन्समध्ये ते असेलच असं नाही, आधी विचारा. आर फुकट आहे आणि त्यातलं माइस नावाचं पॅकेज हेच काम करतं, स्टाटा असेल तर एमआय कमांड. गाव क्लस्टर म्हणून, म्हणजे आधी गावं निवडून मग त्यातली घरं, असं घेतलं होतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही, घेतलं असेल तर इम्प्युटेशनमध्येही ते जायला हवं. रजिस्टरं बघून आलात की १२० पैकी किती सापडले आणि उरलेले कुठल्या कारणाचे तेवढं इथेच लिहा, कोड मी पाठवते.